रिकामा देव्हारा

महाराजांच्या पायांना निलगिरीच्या तेलाचा वास येत होता, आणि ते पाय धुतलेलं पाणी आता आम्हां सगळ्यांना प्यायचं होतं.

पहिला मान अक्कांचा. अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असत, आणि महाराजांना बार्शीत आमच्या घरी उतरवून घेण्याचं पुण्य सर्वस्वी त्यांचं. त्यांनी पळीभर तीर्थ तोंडात घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चंदन! बाई गं, निव्वळ चंदन!"

"सगळीकडे हाच अनुभव येतो," अनंतबुवा म्हणाले. हे महाराजांचे पट्टशिष्य. महाराज फार बोलत नसत. त्यांच्या मनात काय आहे ते अनंतबुवांना आधी कळे आणि मग आम्हांला. "आणि महाराज अत्तराला शिवतसुद्धा नाहीत, बरं का."

पहाटे महाराजांच्या गुडघ्यासाठी ते तेल कोमट करून मीच अनंतबुवांच्या हाती दिलं होतं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. माझी पाळी आली तशी मी तीर्थ घेतलं. टाळू गार पडली. माझ्या मागे शेजारच्या सुंदराबाई कथले उभ्या होत्या. त्यांनी घेतलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं बाई! नाक मोकळं झालं माझं! केव्हाचं चोंदलं होतं!"

"प्रचिती!" अनंतबुवांनी हात वर केले. "बोला, बोधघन महाराज की..."

"जय!"

ओटीपासून माजघरापर्यंत माणूस मावत नव्हता. यजमान पितांबर नेसून महाराजांच्या चौरंगाशी उभे होते. ते वकील. कोर्टात समोरच्या साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस, पण त्या सकाळी अनंतबुवांनी "विष्णुपंत, पंचा" म्हटलं की पंचा आणि "विष्णुपंत, पंखा" म्हटलं की पंखा पुढे करत होते.

महाराज गोरेपान, भरदार, आवाज गोड. आदल्या संध्याकाळी राममंदिराच्या पटांगणात त्यांचं प्रवचन झालं होतं. विषय कुलाचार. आमच्या घरची रीत अक्कांनी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितली होती, आणि महाराजांनी तिचाच दाखला घेतला.

"हे चौसाळकरांचं घर बघा!" लाऊडस्पीकरवरून त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत गेला. "या घरात कुलस्वामिनीला नैवेद्य दाखवल्याखेरीज शिजल्या अन्नाचं शीत कुणाच्या तोंडात जात नाही. लेकरू असो, म्हातारं असो, दारी आलेला राजा असो! याला म्हणतात कुलाचार. तो ज्या घरात मोडला, त्या घरात हा बोधघन पाण्याचा थेंब घेणार नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांच्या डोळ्यांना धार लागली, कारण ती रीत त्यांच्या आईची, म्हणजे माझ्या सासूबाईंची होती. एकदा देवांचे टाक उजळायला सोनाराकडे गेले आणि सोनार परगावी गेला. टाक परत येईपर्यंत घरात चूल पेटली नाही. अक्का तेव्हा लहान होत्या. भाकरीसाठी रडल्या, तर सासूबाईंनी त्यांना मांडीवर घेऊन थोपटलं, पण भाकरी दिली नाही. ही गोष्ट अक्का माहेरच्या अभिमानानं सगळ्यांना सांगत.

महाराजांचेही नेम होते. ते अनंतबुवांनी आल्या आल्या ऐकवले. चातुर्मासात महाराज एकभुक्त. दिवसातून एकदाच जेवण, आणि तेही सूर्य मावळायच्या आत. फळं वर्ज्य. दूध वर्ज्य. आणि ज्या घरी पाद्यपूजा, अन्न त्याच घरचं. दुसरीकडचं अन्न म्हणजे विष.

"महाराज जेवत नाहीत हो," अनंतबुवा म्हणाले होते. "अन्नावर कृपा करतात. आता पुरणाचंच घ्या. महाराजांना पुरण आवडतं असं कुणी म्हणतं, पण तसं नाही. पुरणाला महाराज आवडतात."

"उद्या शुक्रवार, देवीचा वार. पुरण तर हवंच," अक्का म्हणाल्या.

म्हणून पहाटेपासून मी सोवळ्यात होते. पुरण वाटून झालं होतं, कटाची आमटी उकळून खाली उतरली होती, कुरडया तळून झाकल्या होत्या. पाद्यपूजा झाली की देवांना नैवेद्य आणि लगेच महाराजांचं पान. एवढंच उरलं होतं.

तीर्थ वाटून झालं आणि अनंतबुवांनी बोट वर केलं.

"महाराजांची इच्छा झाली."

"काय इच्छा?" यजमानांनी पंखा थांबवून विचारलं.

"देवघर बघायची."

आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक लहानशी खोली. शिसवी देव्हारा, समोर नंदादीप. देव्हाऱ्यात तुळजाभवानीचा टाक, खंडोबाचा, जोतिबाचा, आणि पूर्वजांचे. चांदीचे ते छोटे पत्रे. पिढ्यान्पिढ्या हातांनी घासून घासून भवानीचं नाक जवळजवळ पुसलं गेलेलं. नवख्या माणसाला तिथं चेहरा दिसायचा नाही. मला दिसे. पूजा खरी पुरुषांची, पण यजमानांना कोर्टाची घाई. सासूबाई गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि माझ्याकडेच राहिली. देवांना न्हाऊ घालायचं, पुसायचं, गंध लावायचं. मला मूलबाळ नाही. हात रिकामे नसत, इतकंच.

सगळ्यांत शेवटी, भवानीच्या पायांशी, एक अगदी लहान टाक होता. नखाएवढा. तो थोरलीचा. थोरली म्हणजे यजमानांची पहिली बायको. पहिल्या बाळंतपणात गेली. मी दुसरेपणावर या घरात आले तेव्हा सासूबाईंनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हिला आधी न्हाऊ घाल. घर आधी हिचं होतं." तेव्हापासून आमचं दोघींचं बरं होतं. कधी तिला काही सांगितलं तर ती मध्येच बोलत नसे. जिवंत सवतीपेक्षा सोयीची.

महाराज आत आले. त्यांच्या मागे जेवढी माणसं मावली तेवढी. बाकीची दाराशी माना उंचावून. महाराजांनी देव्हाऱ्यापुढे डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. मग एक लांब उसासा टाकला.

"रिकामा."

"काय, महाराज?" यजमान म्हणाले.

"देव्हारा रिकामा आहे, विष्णुपंत. चैतन्य नाही. निघून गेलं." महाराजांनी टाकांवरून बोट फिरवलं. "हे आता नुसते पत्रे."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. "कशानं हो, महाराज? आमचं काय चुकलं?"

महाराजांनी उत्तर अनंतबुवांकडे सोपवलं. "इथली पूजा कोण करतं?" बुवांनी विचारलं.

"ही," यजमान म्हणाले आणि माझ्याकडे न बघता माझ्या दिशेनं हात केला.

"बायकांच्या हातची पूजा," अनंतबुवांनी मान हलवली. "भाव असेल हो. पण तेज? तेज कुठून येणार?"

महाराजांचं बोट थोरलीवर थांबलं. "आणि ही कोण?" अनंतबुवांनी विचारलं.

"माझी पहिली..." यजमान म्हणाले.

"अडकलीय बिचारी," महाराज म्हणाले. "तळमळतेय. हिला मोकळी करा."

यजमानांचा चेहरा एवढासा झाला. मी थोरलीकडे पाहिलं. सकाळीच तिला हळदीकुंकू लावलं होतं. तळमळत असल्यासारखी काही वाटत नव्हती.

"काळजी नको," अनंतबुवांनी आवाज मऊ केला. "हे सगळे टाक आजच आमच्याबरोबर मठात पाठवा. महाराज त्यांना मुक्त करतील. देव्हाऱ्यात महाराजांचा फोटो ठेवा, म्हणजे जागा मोकळी राहणार नाही. आणि मुक्त झालेली चांदी वाया जात नाही हो. मठात महाराजांचं सिंहासन घडतंय, त्याला लागते. केवढं भाग्य! आजवर तुम्ही देवांना सांभाळलंत, आता तुमचे देव महाराजांना सांभाळतील."

"आमचा खंडोबा गेला ना गेल्या महिन्यात मठात," सुंदराबाई गर्दीतून हळूच म्हणाल्या. "त्याचं काय झालं हो, बुवा?"

"तुमचा खंडोबा? तो सिंहासनाच्या मागच्या पायाला लागला."

"मागच्या," सुंदराबाई म्हणाल्या. "घोड्यावर बसलेला होता हो. पाठीमागे म्हाळसा होती."

यजमान टाकांकडे बघत होते, मग महाराजांकडे, मग दाराशी जमलेल्या अशिलांकडे. सारा गाव बघत होता. शेवटी त्यांनी हात जोडले. "आपली आज्ञा. संध्याकाळी निघताना घेऊन जावेत."

माझ्या पायांखालची फरशी थंड होती, एवढं मला आठवतं. उद्या सकाळी उठून मी कुणाला न्हाऊ घालणार, हा एकच विचार मनात आला. फोटोला? फोटो भिजतो.

मी पदर सारखा केला आणि विचारलं, "महाराज, एक विचारू?"

माझा आवाज मुळातच लहान. लोकांनी कान पुढे केले.

"विचारा, माई."

"देव्हारा आत्तासुद्धा रिकामाच आहे का? या घडीला?"

"या घडीला. आत कुणीही नाही."

"कुलस्वामिनीसुद्धा?"

"कुणीही नाही, माई. भिंतीसमोर बसता तुम्ही."

"बरं," मी म्हटलं. महाराजांना नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेले. पुरणावर झाकण ठेवलं, आमटीवर ठेवलं, चुलीतली लाकडं मागे ओढून विस्तवावर पाणी मारलं. मग भिंतीशी पाट घेतला आणि माळ हातात धरून बसले.

बाहेर पंगत मांडली गेली. पानांभोवती रांगोळ्या, उदबत्त्या. महाराज मोठ्या पाटावर बसले, समोर चांदीचं ताट. त्यांच्या मठाचा नियम असा की महाराजांनी पहिला घास घेतल्याशिवाय शिष्यांपैकी कुणी पाण्यालाही तोंड लावायचं नाही. सगळे हात मांडीवर ठेवून बसले. बसून राहिले.

थोड्या वेळानं अनंतबुवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. "वहिनी, वाढायला घ्या ना. महाराज बसलेत."

"नैवेद्य व्हायचाय."

"मग दाखवा की."

"कुणाला?"

अनंतबुवा देवघराच्या दाराकडे बघू लागले.

"देव नाहीत ना घरात," मी म्हटलं. "महाराजांनीच सांगितलं. कुलस्वामिनीला नैवेद्य झाल्याशिवाय या घरात शीत वाढत नाहीत. महाराजांनीच सांगितलं."

"अहो पण... महाराज म्हणजे घरचे का? पाहुणे आहेत."

"दारी आलेला राजा असो, असं काल म्हणाले. मी मंदिरात होते. अक्कांना विचारा हवं तर. रीत त्यांच्या आईची."

अक्का त्यांच्या मागेच उभ्या होत्या. "होय हो," त्या लगेच म्हणाल्या, "आई फार कडक! टाक सोनाराकडे होते तेव्हा मी लहान, भाकरीसाठी रडले, पण आईनं..." आणि मध्येच थांबल्या. आपण काय बोलतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. "अगं यमुने," त्यांनी आवाज खाली आणला, "आजच्या दिवस..."

"आजच्या दिवस मोडते, अक्का. तुम्ही सांगा फक्त, की सासूबाईंची रीत मोड. आपण महाराजांना तसं कळवू. म्हणजे कुलाचार मोडलेल्या घरात ते पाणी घेत नाहीत, ते तेवढं त्यांना आधी कळलेलं बरं."

अनंतबुवा बाहेर गेले. कुजबूज झाली. परत आले.

"महाराज म्हणतात, अलीकडच्या काळात परिस्थिती पाहून..."

"कालपासून अलीकडचा काळ लागला का?" सुंदराबाईंनी भाबडेपणानं विचारलं.

अनंतबुवांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. "वहिनी, आपण साधी गोष्ट विसरलो! महाराज साक्षात परब्रह्म आहेत. देव्हारा रिकामा असेल, पण परब्रह्म तर पाटावर बसलंय! त्यांनाच नैवेद्य दाखवा, म्हणजे झालं."

"बुवा, खरंच की!" अक्कांचा जीव भांड्यात पडला.

मला विचार करावा लागला. मी देवाधर्माचं मानणारी. अशा गोष्टीत उगाच नाही म्हणवत नाही मला. "महाराजांची आज्ञा आहे?" मी विचारलं.

बाहेरून गोड आवाज आला, "भक्ताचा भाव तोच माझा भाव, माई. लवकर दाखवा."

मी ताट वाढलं. नीट वाढलं. डावीकडे कोशिंबीर, चटणी, लिंबू, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, वरण, त्यावर तूप. पुरणपोळी दुमडून ठेवली, तीवर तुपाची धार. गरम तूप पोळीत मुरतं तेव्हा जो वास येतो तो ओटीपर्यंत गेला असावा, कारण पंगतीत एक हुंकार उठला. मी महाराजांपुढे पाण्याचं चौकोनी मंडल काढलं, ताट ठेवलं, तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं. प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा. हात जोडून डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हटलं, आई, हे तुझंच ताट आहे, जरा फिरवून आणते.

डोळे उघडले तेव्हा महाराजांचा हात पोळीच्या अगदी जवळ आला होता. मी ताट उचललं.

"हे काय?" महाराज म्हणाले. दोन दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच अनंतबुवांच्या आधी प्रश्न विचारला.

"नैवेद्य दाखवून झाला, महाराज."

"मग ताट?"

"नैवेद्याचं ताट उचलायचं असतं. देव वास घेतात फक्त. जेवत नाहीत." मी ताटावर पदर धरला, माशी बसू नये म्हणून. "आता प्रसाद म्हणून बाकीच्यांना वाढू का? पण आपण घास घेतल्याशिवाय ही मंडळी जेवणार नाहीत. आणि आपण तर परब्रह्म. म्हणजे आता काय करू? आपणच सांगावं. मला कळत नाही एवढं."

पंगतीच्या टोकाशी कुणाला तरी खोकला आला. तो खोकला नव्हता. यजमानांच्या चष्म्यामागे काहीतरी हललं. साक्षीदार घसरू लागला की त्यांचं तसं होत असे, पण मला तेव्हा बघायला वेळ नव्हता.

"माई," महाराज म्हणाले, आणि आवाजातला गोडवा थोडा पातळ झाला होता, "मी तत्त्वानं ब्रह्म आहे. देहानं मनुष्य. या देहाला भूक आहे."

"मग देहाच्या आधी कुलस्वामिनी, महाराज," मी म्हटलं. "आणि ती तर नाही." ताट घेऊन आत गेले आणि पुन्हा पाटावर बसले.

दुपार सरकत राहिली. अंगणातली सावली ओट्यावर चढली. पंगतीतली काही मंडळी सोप्याच्या खांबांना टेकून पेंगू लागली. अक्का एकदा माझ्याकडे येत, एकदा देवघरात जात, एकदा आईच्या फोटोपुढे उभ्या राहत. गावातल्या एका भक्तानं आपल्या घरून केशरी भात आणला, तर अनंतबुवांनी आशेनं महाराजांकडे पाहिलं. पण दुसऱ्या घरचं अन्न म्हणजे विष, हे सगळ्या बार्शीला सांगून झालं होतं. भात परत गेला. तो जाताना महाराजांची नजर त्याला वेशीपर्यंत सोडून आली असावी.

सुंदराबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "यमुनाबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही हे मुद्दाम..."

"काय मुद्दाम?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "काही नाही. मला माळ द्या एक. मीपण बसते."

ऊन पिवळं झालं. चिंचेच्या शेंड्यावर सूर्य आला आणि अनंतबुवा घड्याळाकडे न बघता सूर्याकडेच बघू लागले. मावळला की महाराजांचा आजचा दिवस कोरडा. मग ओटीवर हालचाल झाली. महाराज उठले होते. गुडघ्यावर हात देऊन, कुणाची मदत न घेता, ते भराभरा देवघराकडे आले. गर्दी मागोमाग.

देव्हाऱ्यापुढे ते उभे राहिले. डोळे मिटले. या खेपेला फार वेळ मिटून ठेवले नाहीत.

"आलं!" ते म्हणाले. "चैतन्य आलं! अनंता, बघ, बघ कसा प्रकाश पडलाय!"

"पडलाय, महाराज!" अनंतबुवा म्हणाले. प्रकाश खरंच पडला होता. पश्चिमेच्या झरोक्यातून रोज त्या वेळी पडतो.

"या माउलीच्या सेवेनं देव परत फिरले! सकाळपासून बसून होती बिचारी! बोला..."

"जय!" लोक ओरडले, आणि त्या जयजयकारात पोटाचा आवाज जास्त होता. "माई, आता नैवेद्य. चटकन," महाराज म्हणाले.

मी उठून देवघरात गेले. पण सोवळ्यातली बाई, खातरी करून घेतल्याशिवाय पुढे जाणं मला जमेना.

"सगळे आले का, महाराज?"

"सगळे."

"भवानी?"

"आली, आली."

"खंडोबा, जोतिबा?"

"सगळे, माई!"

"आणि ही?" मी थोरलीवर बोट ठेवलं. "ही अडकली होती ना. तळमळत होती."

महाराजांनी झरोक्याकडे नजर टाकली. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. "शांत झाली. सुखात आहे. इथंच राहायचं म्हणते."

"इथंच?"

"इथंच!"

"आणि बाकीचे? पुन्हा जातील का हो कधी? उद्या, परवा? मला बाई भीती वाटते. पूजा माझ्याच हातची राहणार."

सगळं गाव ऐकत होतं. यजमान दारात उभे होते आणि या वेळी ते सरळ माझ्याकडे बघत होते.

"या देव्हाऱ्यातून," महाराज एकेक शब्द तोडून म्हणाले, "हे देव आता कधीही हलणार नाहीत. माझा शब्द आहे. आता दाखवता का नैवेद्य?"

"आपली आज्ञा," मी म्हटलं.

मी ताजं ताट वाढलं. पुरणपोळी पुन्हा तव्यावर गरम केली, कारण देवाला गार कशी दाखवायची. मग देवघराचं दार ओढून घेतलं, आमच्यात नैवेद्याच्या वेळी ओढतात. आत नंदादीप, मी आणि ते सगळे. मी डोळे मिटले. मला काही मागायचं नव्हतं. भवानी जेवत होती, थोरली जेवत होती. घाई करणं बरं दिसलं नसतं.

सूर्य मावळायच्या आत महाराजांनी भराभर घास घेतले. किती पोळ्यांवर कृपा केली ते मी मोजलं नाही. निघताना ते माझ्यापाशी क्षणभर थांबले. बारीक डोळ्यांनी बघत म्हणाले, "माई, तुम्ही फार श्रद्धाळू आहात."

"आपली कृपा," मी वाकून नमस्कार केला.

पुढे बऱ्याच वर्षांत कानावर येत राहिलं, की महाराज अजून घरोघरचे देव्हारे बघतात, अजून कुठे कुठे चैतन्य निघून गेलेलं असतं. फक्त बार्शीनंतर ते देवघरात जेवणानंतर जाऊ लागले.

त्या संध्याकाळी गाड्या गेल्यावर घर एकदम मोठं वाटू लागलं. अक्का डोकं दुखतं म्हणून आडव्या झाल्या होत्या. आडव्या होण्याआधी त्यांनी देव्हाऱ्यापुढे जाऊन आईच्या टाकाला हात लावला होता, ते मी पाहिलं. सुंदराबाई थोडं पुरण घरी घेऊन गेल्या. त्यांच्या देव्हाऱ्यात महाराजांचा फोटो आहे. पुरण त्यांनी जिथे खंडोबा असे त्या जागेपुढे ठेवलं, असं दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

यजमान स्वयंपाकघरात आले. एरवी येत नसत. मी पान मांडून जेवायला बसत होते.

"तू सकाळपासून जेवली नव्हतीस?" ते म्हणाले.

"नाही."

"उपाशीच बसलीस? एवढा वेळ? कशी बसलीस गं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढा संसार झाला आमचा. "माझा शुक्रवार असतो," मी म्हटलं. "मी शुक्रवारी दिवस मावळल्यावरच जेवते. लग्न झाल्यापासून."

ते उंबऱ्यावर टेकले. मग अगदी कोर्टात विचारावं तसं, पण खालच्या आवाजात विचारलं, "आणि समजा, महाराज हटूनच बसले असते. नाहीच आले देव, असं म्हणाले असते. मग?"

मी पोळीचा पहिला तुकडा थोरलीसाठी बाजूला काढून ठेवला.

"मग काय," मी म्हटलं. "उद्या शनिवार. तोही असतो माझा."